'आई सोंगाया गेली' : हा संवाद ठेवावा का?

तालीमवाला : नाशकात एक दीर्घांक बसवतोय. पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या कुटुंबांची गोष्ट आहे आणि काम करणारी पोरंही त्याच घरांतली. पहिल्याच प्रवेशात धाकटी म्हणते, "आई सोंगाया गेली." म्हणजे पीक कापायला. तालीम बघायला आलेल्यांना वाटलं, आई नाटकात काम करते! एका ज्येष्ठांनी 'कापणीला गेली' असं सुचवलं, पण पोरं ऐकत नाहीत. ठेवू की बदलू? आणि सोंगणे व सोंग यांचं काही नातं आहे का?

पंचवटीकर : बदला. तिकीट काढून आलेल्याला संवाद कळला पाहिजे. सोंग म्हटलं की झोपेचं सोंग आठवतं. पैशाचं सोंग आणता येत नाही, हेही.

निफाडची : अजिबात बदलू नका. आमच्याकडे गहू, बाजरी, सोयाबीन सोंगतात. कांदा काढतात, द्राक्षं तोडतात, भात मात्र कापतात. प्रत्येक कामाला आपला शब्द आहे. ओणवं होऊन डाव्या हाताने मूठ धरायची, विळा आपल्याकडे ओढायचा, पेंढी मागे टाकायची आणि आपली पात, म्हणजे वाट्याला आलेली ओळ, सोडायची नाही. जिने दिवसभर हे केलंय तिच्या लेकीच्या तोंडी 'कापणी' कशी येईल?

मोडीवाचक : सोंग हे स्वांगवरून, हिंदीत स्वाँग आहेच. सोंगणे मला वेगळ्या घरचं वाटतं. माझा तर्क 'शृंग'कडे जातो: कणसाचा शेंडा, तो छाटणं.

पंचवटीकर : सोंगताना बुडाशी कापतात, शेंड्याशी नाही. तर्क पटत नाही.

घाटमाथा : सोंग म्हणजे ढोंग, हा अर्थ इथे आधी बाजूला ठेवा. आमच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, चैत्र-वैशाखाच्या रात्री संबळाच्या तालावर सोंगं नाचतात: गणपती, शारदा, रावण, नरसिंह. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हा पिढीजात मान. आमच्या आजोबांकडे नरसिंहाचं होतं. वर्षभर दुसऱ्याच्या बागेत 'ए मजूर' अशी हाक ऐकणारा माणूस त्या रात्री देव असतो आणि अख्खं गाव त्याच्या पाया पडतं. त्यासाठी माणसं कामं टाकून गावी येतात. पोरांच्या भूमिकांनाही पत्रिकेत 'सोंग' म्हणा, माझी कळकळीची विनंती आहे.

पंचवटीकर : बोहाड्याचा मान मान्य. पण पत्रिका बोहाड्याची नाही, नाटकाची आहे.

बागलाणकर : पत्रिकेत 'स्थलांतरित मजुरांची कथा' तर लिहिलं नाही ना? स्थलांतर नांदूर मध्यमेश्वरला येणारे पक्षी करतात. माणसं जगायला जातात. आमच्या अहिराणीत सरळ म्हणतात, पोट भराले सुरतले गयात.

तालीमवाला : लिहिलंय. अनुदानाच्या अर्जात तोच शब्द होता, तिथून आला.

पंचवटीकर : मग 'परागंदा' चालेल का?

मोडीवाचक : नाही. फारसीत तो नुसता 'विखुरलेला', पण मराठीत त्याला भीतीने पळाल्याचा वास आहे. ही माणसं पळत नाहीत, पावसाच्या आधी घरी येऊन आपली नागली-वरई पेरतात.

घाटमाथा : 'जगायला' हाच शब्द घ्या. आमच्याकडे कुलूप लावलेल्या घरापुढे विचारलं तर शेजारी एवढंच सांगतात, 'जगायला गेलेत.'

पंचवटीकर : बोलण्यात ठीक. छापील पत्रिकेत वाचणाऱ्याला वाटेल वाक्य अर्धं राहिलं. प्रमाणभाषा काही शत्रू नाही. हीच पोरं उद्या परीक्षा त्याच भाषेत देणार आहेत.

निफाडची : परीक्षेत देतील. रंगमंचावर तरी त्यांना घरचं बोलू द्या. संवादाबरोबर विळा ओढल्याचा हात करवून घ्या, म्हणजे कळेल.

पंचवटीकर : कालिदास कलामंदिराच्या शेवटच्या रांगेत तो हात दिसणार नाही.

बागलाणकर : निफाडच्या ताई, तुम्ही पेंढी म्हणालात. आमच्याकडे पाच पेंढ्या झाल्या की पाचुंदा. तुमच्याकडेही पाचच का?