रकाना १६ चा आकडा मोठा का?
अमेरिकेत कंपनी दरवर्षी पगार आणि कापलेल्या कराचं पत्रक देते, ते डब्ल्यू-२. त्यावर रकाना १ मधल्या (फेडरल, म्हणजे केंद्रीय करासाठीच्या) पगारापेक्षा रकाना १६ मधला (राज्यकरासाठीचा) पगार जास्त दिसतो, ही चूक आहे का, असा प्रश्न पडतो. पेनसिल्व्हेनियात ती चूक नाही. फेडरल कर ४०१(के) ची, म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्ती खात्यात पगारातून भरलेली रक्कम वगळतो, हे राज्य वगळत नाही. २०२५ ची पूर्ण मर्यादा, म्हणजे २३,५०० डॉलर भरलेत तर ३.०७ टक्क्यांनी सुमारे ७२१ डॉलर राज्यकर आत्ताच जातो. कंपनीच्या मॅचवर, म्हणजे तुमच्या खात्यात ती स्वतःहून भरते त्या रकमेवर मात्र नाही. निवृत्तीनंतरची रक्कम हे राज्य सोडून देतं, त्यामुळे तिथेच राहणाऱ्याला सौदा वाईट नाही.

न्यू जर्सी उलटं वागते: ४०१(के) वगळते, पण ४०३(बी) (शाळा-विद्यापीठांसारख्या संस्थांमधलं तसंच खातं) आणि पारंपरिक आयआरए (स्वतः उघडलेलं निवृत्ती खातं) यांत भरलेल्या रकमेवर कर लावते. शाळा-विद्यापीठांत काम करणाऱ्यांनी दरवर्षीचे डब्ल्यू-२ जपून ठेवाच. पैसे काढताना आधी कर भरलेला भाग वजा करायला तोच पुरावा.

खरी गडबड पेनसिल्व्हेनियात राहून न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्यांची. दोन्ही राज्यांतल्या परस्पर करारामुळे पगारावर राज्यकर पेनसिल्व्हेनियाचा, पण रकाना १६ मध्ये कधीकधी न्यू जर्सीच्या हिशोबाचा आकडा येतो. रकाना १२ मध्ये ‘डी’ अक्षरापुढची रक्कम (तुम्ही ४०१(के) त भरलेली) त्यात धरली आहे का पाहा, नसेल तर मिळवा. नाहीतर राज्याचं पत्र येतं, वर व्याजही.