८×४२ मोनोक्युलर: ऑप्टिमाइझ करताना एक्झिट प्युपिल किती धरायचा?

ऑप्टिक्समधल्या जाणकारांची मदत हवी आहे.

पक्षीनिरीक्षणासाठी ८×४२ मोनोक्युलर (एका डोळ्याची दुर्बीण; ८ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमी रुंद) झीमॅक्स या ऑप्टिकल डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन करतेय. ऑब्जेक्टिव्ह (पुढचं भिंग) १६० मिमी फोकल लांबीचा सिमेंटेड डब्लेट, म्हणजे चिकटवलेली दोन भिंगं; आयपीस (डोळ्याकडचा भाग) २० मिमी फोकल लांबीचा, पाच भिंगांचा, एर्फ्ले धाटणीचा. प्रिझम सध्या उलगडून बॅक४ काचेचा ठोकळा म्हणून टाकलाय. फील्ड (एका वेळी दिसणारं क्षेत्र) ७ अंश. आय रिलीफ (आयपीसपासून डोळा ठेवायचं अंतर) १८ मिमी हवाच, कारण चष्मा काढून दुर्बीण लावायची म्हटलं की तेवढ्यात पक्षी उडून जातो.

'अफोकल इमेज स्पेस' (बाहेर पडणारे किरण समांतर धरून चूक कोनात मोजणारी सोय) चालू आहे, मेरिट फंक्शन (ऑप्टिमायझर जो आकडा कमी करत जातो तो) स्पॉटच्या, म्हणजे एका बिंदूच्या धूसर ठिपक्याच्या, अँग्युलर रेडियसवर बांधलंय. मॅग्निफिकेशन ८ वर घट्ट धरलंय; मोकळं सोडलं की ऑप्टिमायझर तेच कमी करतो आणि कोनातला स्पॉट आपोआप लहान दिसतो. सुधारणा काहीच झालेली नसते.

मधोमध प्रतिमा उत्तम आहे. घोडं अडलंय ते कडेला. फील्ड कर्व्हेचर आणि अ‍ॅस्टिग्मॅटिझम या भिंगांच्या दोषांमुळे तिथे फोकसमध्ये साधारण १ डायॉप्टरची चूक उरते. एक्झिट प्युपिल (आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी) ४२ ÷ ८ = ५.२५ मिमी, म्हणजे धूसरपणाची त्रिज्या २.६ मिलिरेडियन, जवळपास ९ आर्कमिनिट. चांगली नजर १ आर्कमिनिटपर्यंतचा तपशील टिपते, त्यामुळे हा आकडा वाईटच.

पण भर उन्हात डोळ्याची बाहुली २.५ मिमीच्या आसपास आकसते. मग खरा स्टॉप (प्रकाशझोताची रुंदी ठरवणारं छिद्र) डोळ्यातच, आणि तीच १ डायॉप्टरची चूक सव्वाचार आर्कमिनिटांवर येते. म्हणजे जे किरण दिवसा डोळ्यात शिरणारच नाहीत, त्यांच्यासाठी ऑप्टिमायझर काचांचे आकार बिघडवत बसलाय असं मला वाटतं. उलट पहाटे आणि तिन्हीसांजेला, पक्षी सगळ्यात जास्त हालचाल करतात तेव्हाच, पूर्ण प्युपिल कामी येतो. अशा वेळी दोन कॉन्फिगरेशन करून वेगवेगळं वजन द्यायचं, की कडेच्या फील्डना व्हिग्नेटिंग लावून (तिथले बाहेरचे किरण हिशोबातून कापून) मोकळं व्हायचं?

दुसरी शंका चिन्हाची. उरलेली चूक किरण फाकणाऱ्या बाजूला ठेवली तर तरुण डोळा अ‍ॅकोमोडेशनने (स्वतःचा फोकस जवळ आणून) सांभाळून घेतो. किरण एकवटत डोळ्यात आले तर कुणालाच जमत नाही. पण पक्षी बघणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेले पुष्कळ असतात, त्यांचं अ‍ॅकोमोडेशन जवळपास संपलेलं असतं. त्यांच्यासाठी मध्य आणि कड यांत चूक वाटून द्यावी का? मधली धार घालवायला माझं मन होत नाही.

आणि शेवटचं: सरळ ट्रेसमध्ये (किरणांचा मार्ग ऑब्जेक्टिव्हकडून डोळ्याकडे काढताना) एक्झिट प्युपिल फील्डनुसार मागेपुढे सरकतो. डोळ्याच्या जागी स्टॉप ठेवून उलट दिशेने ट्रेस केलं तर आय रिलीफ पक्का राहतो, पण मग ऑब्जेक्टिव्हवर किरणांचा ठसा भटकतो आणि ४२ मिमीच्या बाहेर जातो. व्हिज्युअल उपकरणं प्रत्यक्ष बनवलेल्यांनी यातलं काय वापरलं, आणि का, हे सविस्तर सांगावं ही विनंती. लेन्स डेटा लागला तर प्रतिसादात देते.