मदत हवी आहे: सागवानी पात्यांचा आकार कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात टेकाडावर आमचं शेत आहे. तिथं बॅटरी चार्ज करायला 2 मीटर व्यासाची, तीन पात्यांची पवनचक्की करतोय. पहिली पाती सागवानातून कोरली, आडव्या छेदाचा आकार नाका (NACA) 4412 या ठरावीक नमुन्याचा. जोराच्या वाऱ्यात झकास फिरतात, पण सेकंदाला 3-4 मीटर वाऱ्यात नुसती थरथरतात, सुटतच नाहीत. जनरेटर हातानं मोकळा फिरतो, म्हणजे अडचण पात्यांतच असावी.

टोकाशी रुंदी 10 सेंटीमीटर. तिथं हवेचा वेग सेकंदाला 20 मीटर धरला तर रेनॉल्ड्स अंक (वेग, रुंदी आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा, प्रवाह कसा वागेल ते सांगणारा आकडा) 1 लाख 30 हजारांच्या आसपास येतो. एवढ्या कमी अंकासाठी एसजी 6043 हा दुसरा छेदाचा नमुना बनवलाय, पण तो रुंदीच्या जेमतेम 10 टक्के जाड. मागची धार 1 मिलिमीटरवर आणताना परवा बोटभर ढलपी उडाली, अख्खं पातं वाया गेलं. फार जीव लावून घासलं होतं हो.

धार 2 मिलिमीटर ठेवली तर कितीसं बिघडेल? आणि चक्की लवकर सुटावी म्हणून बुंध्याशी पीळ वाढवू की रुंदी? एक्सफॉइल या पात्यांच्या आकाराचं गणित करणाऱ्या संगणक प्रोग्रामवर आकडे काढलेत, पण ज्यांनी स्वतः लाकूड कोरलंय त्यांनी जरूर सांगा.