मदत हवी आहे: केबेक सिटीत नवीन पीआर (कायमचे रहिवासी), नर्सिंगसाठी आधी फुल टाइम फ्रेंच की आधी मिळेल ती नोकरी?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही ऑगस्टमधे कॅनडातल्या केबेक सिटीत आलो, मी, नवरा आणि सात वर्षांचा मुलगा, सॅंत-फ्वा भागात राहतो. केबेकचं सिलेक्शन सर्टिफिकेट नवऱ्यामुळे मिळालं, त्याचं फ्रेंच चांगलं आहे, आयटीत नोकरीही लागली. मी सांगलीची, बी.एस्सी. नर्सिंग, अकरा वर्षं वॉर्डात काढलीत. फ्रेंच पुण्यात ए२ पर्यंत, म्हणजे सुरुवातीच्या पातळीपर्यंत, केलं होतं आणि वाटलं होतं की तेवढ्यावर निदान रोजचं तरी निभेल.

तर सप्टेंबरात शाळेतून चिठ्ठी आली, सहल आहे, मुलासोबत थंड 'दिने' द्या. आमच्या पुण्याच्या पुस्तकात दिने म्हणजे रात्रीचं जेवण. मी म्हटलं मुलं तीनला परत येणार मग रात्रीचं जेवण कशाला, काहीतरी चुकून लिहिलं असेल, आणि बिस्किटाचा पुडा नि पाण्याची बाटली देऊन पाठवून दिलं. इथे सकाळचं ते 'देजने', दुपारचं 'दिने' आणि रात्रीचं 'सुपे', हे मला संध्याकाळी नवऱ्याने सांगितल्यावर कळलं. पोरगं घरी आलं, बूट काढले, दप्तर जागेवर ठेवलं आणि म्हणालं आई, सगळ्यांकडे डबे होते. शेजारच्या मुलीने आपलं अर्धं सँडविच त्याला दिलं होतं. तो चिडला नाही, रडला नाही, मलाच पोळ्या लाटताना भरून आलं. गोळी जेवणाआधी की जेवणानंतर हे अकरा वर्षं पेशंटच्या नातेवाइकांना समजावून सांगत आले आणि इथे जेवण कुठलं तेच मला कळलं नाही. उद्या वॉर्डात असं झालं तर? म्हणून हा धागा.

फ्रेंच नीट शिकायचंच हे ठरलंय. प्रश्न फक्त कसं आणि कधी.

फ्रांसिझासिओं केबेककडे (नवीन आलेल्यांना फ्रेंच शिकवणारं सरकारी खातं, २०२३ पासून नोंदणी इथे एकाच ठिकाणी होते) फुकट कोर्स आहेत हे माहितीये, फुल टाइम घेतला तर थोडा भत्ताही मिळतो. पण २०२४ च्या शेवटी पैसे संपले म्हणून बऱ्याच ठिकाणी मधेच वर्ग बंद केले होते, ते वाचल्यापासून धाकधूक वाटते. नोंदणी केलीये, जागा अजून मिळालेली नाही. थांबायचं किती दिवस? तोवर संध्याकाळचा पार्ट टाइम ऑनलाइन वर्ग धरावा का? आणि ऑनलाइनमधे इथलं बोलणं कानावर पडतं का, कारण माझी खरी अडचण व्याकरणाची नाहीये, बसमधे दोन बायका बोलत असतात त्यातलं मला एक वाक्य धड लागत नाही, इतकं वेगळं आणि भराभर बोलतात.

नर्सिंगचं असं आहे की नर्सेसच्या ऑर्डरकडे, म्हणजे इथे लायसन्स देणाऱ्या ओआयआयक्यू या संस्थेकडे, आपली डिग्री इथल्या बरोबरीची धरावी म्हणून फाइल द्यायची, ते कागद बघून सांगतात की हॉस्पिटलमधे इंटिग्रेशनची स्टाज (देखरेखीखाली प्रत्यक्ष काम) करा किंवा सेजेपमधे (इथल्या सरकारी कॉलेजात) कोर्स करा, आणि लायसन्ससाठी फ्रेंच येतं हे सिद्ध करायचं. फ्रेंच पुरेसं नसेल तर एका वर्षाचं तात्पुरतं परमिट मिळू शकतं असंही वाचलं. मला विचारायचंय की फाइल आत्ताच टाकू का फ्रेंचची बी२ (ए२ च्या दोन पायऱ्या वरची) पातळी झाल्यावर? आत्ता टाकली आणि त्यांनी लगेच स्टाज सांगितली तर मी तिथे उभी राहून काय बोलणार ही भीती आहे. पण भारतातून नर्सिंग कौन्सिल आणि कॉलेजची कागदपत्रं यायला महिने जातात हेही दिसतंय.

तिसरा रस्ता म्हणजे वृद्धाश्रमात प्रेपोझे, पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, उठवणं बसवणं. काम मला येतं, त्यात कमीपणा अजिबात वाटत नाही. आजी-आजोबांशी दिवसभर बोलून भाषा लवकर सुटेल असं मला वाटतं, नवरा म्हणतो इतकी दमशील की अभ्यास होणारच नाही. कोणी केलंय का हे? खरं काय ते सांगा.

घाई यासाठी की २०२२ च्या कायद्याप्रमाणे नवीन आलेल्यांना सहा महिने झाले की सरकारी ऑफिसं फ्रेंचमधेच बोलतात (आरोग्य वगैरे थोडे अपवाद आहेत), आमचे सहा महिने फेब्रुवारीत भरतात. हेल्थ कार्डचं मार्गी लागलं, ऑगस्टात नाव नोंदवलं, १ नोव्हेंबरपासून कव्हर सुरू झालं, तोपर्यंत खासगी विमा होता. घराचं लीजही नीट झालं, पण एक सांगून ठेवते, इथे डिपॉझिट मागता येत नाही, फक्त पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ घेता येतं, मला माहीत नव्हतं आणि मी भारतातून दोन महिन्यांचे पैसे बाजूला काढून आणले होते.

मुलाबद्दल एकच. १९७७ च्या कायद्यामुळे शाळा फ्रेंचच, त्याबद्दल माझी तक्रार नाही, तो माझ्यापेक्षा पटापट शिकतोय. पण आता खेळताना एकटाच फ्रेंचमधे पुटपुटतो आणि मराठीत विचारलं की कधीकधी फ्रेंचमधेच उत्तर देतो. घरी आम्ही मराठीच ठेवलीये, आजीशी रोज व्हिडिओ कॉल असतो. मुलांना मराठी वाचायला कसं लावलंत तुम्ही? इथे आसपास मराठी घर अजून सापडलेलं नाही आणि मॉन्ट्रियल अडीचशे किलोमीटर.

कृपया टोरंटोला जा, तिथे इंग्रजी चालतं, असं नका सांगू. ते फोनवर सगळे नातेवाईक सांगून झालेत. केबेकने आम्हाला निवडलं तेव्हा इथे राहू असं आम्ही लिहून दिलंय, मुलाला शाळा आवडलीये, आणि मला इथल्याच वॉर्डात काम करायचंय.

केबेकमधे नर्सिंग केलेल्या कुणी ताई असतील तर प्लीज लिहा. नर्सिंग कौन्सिलचा फॉर्म भरून टेबलावर पडलाय, भाऊ पुढच्या आठवड्यात सांगलीहून मुंबईला जातोय, त्याच्याकडे तो पाठवून देऊ का थांबू, एवढं तरी त्याआधी कळलं तर बरं होईल.