जमानत मी दिली, पोरगा फरार. 50,000 मीच भरायचे का?

रामबागवाला
वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीचा मुलगा मारामारीच्या केसमध्ये अडकला. तिने हात जोडले, आमची ही विरघळली आणि मी इंदूरच्या जिल्हा कोर्टात 50,000 ची जमानत देऊन बसलो. सांवेरच्या शेताची पावती लावली (बाहेरच्यांसाठी: पावती म्हणजे भू-अधिकार ऋणपुस्तिका). बाबूने तिच्यावर लाल शाईत जमानतीची नोंद ठोकली. पोरगा दोन पेश्यांना (कोर्टाच्या तारखांना) आला, तिसरीला गायब. आईनेही रातोरात खोली सोडली, दोन महिन्यांचं भाडं बुडवून. काल कागद आला: जमानत जप्त, रक्कम जमा करा. मला विचारलंसुद्धा नाही! शेताचं गिऱ्हाईक ती लाल नोंद बघून परत गेलं ते वेगळंच.

जुनारीडर
तो कागद जपून ठेवा, काका. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 491, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 446. मुचलका (तुम्ही लिहून दिलेला जमानतीचा बाँड) जप्त होणं वेगळं आणि पैसे भरायला लावणं वेगळं. मधे तुम्हाला 'का भरू नये' हे सांगायची संधी द्यावीच लागते. सुप्रीम कोर्टाने हे गुलाम मेहदीच्या निकालात 1960 सालीच सांगितलंय. पण आधी ऑर्डरशीटची (केसमधल्या कोर्टाच्या तारीखवार नोंदींची) नकल काढा. त्यात तुमच्या नावची कारण-दाखवा नोटीस तामील झालेली दिसली, तर ही सबब गेली. मग 491 च्या पोटकलम 3 खाली रक्कम कमी करायचा अर्ज. मुलगा हजर करून दिलात तर त्याला वजन येतं. अपील 495 खाली. गप्प मात्र बसू नका, वसुली दंडासारखी होते आणि जप्तीतूनही निघाली नाही तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद.

रात्रपाळी
मी विजयनगरला बसून रात्रभर कॅलिफोर्नियाच्या जमानत-विमा फायली वाचतो. तिथे जमानत हा धंदाच: जमानतीच्या रकमेच्या साधारण दहा टक्के विमा-हप्ता घ्यायचा, बाकी जोखीम कंपनीची. आरोपी पळाला की कंपनीला 180 दिवस, नोटीस टपालाने आली तर आणखी 5. त्यात त्याला हजर केलं तर जप्ती रद्द. कंपनीचे वकील आधी काय बघतात? जप्ती भर कोर्टात जाहीर झाली का, नोटीस 30 दिवसांत टाकली का. यात चूक सापडली की कंपनी सुटते. पोरगा कुठे आहे, हा प्रश्न नंतरचा.

रामबागवाला
दहा टक्के? मला तर एक चहाही मिळाला नाही. त्याच्या आईने मात्र साध्या कागदावर लिहून दिलंय, 'दंड बसला तर भरून देईन.' तो चालेल का?

जुनारीडर
नाही. जमानतदाराचं नुकसान भरून देण्याचा करार आपल्याकडे लोकहिताविरुद्ध धरतात, करार कायद्याचं कलम 23. तो कागद कोर्टात काढूही नका.

रामबागवाला
बरं झालं विचारलं, उद्या फायलीला जोडणारच होतो. नकलेचा अर्ज आज टाकला. पोराचा मामा उज्जैनला फ्रीगंजात राहतो असं दूधवाल्याकडून कळलंय. सकाळच्या बसने निघतो. ही म्हणते मीही येते, मला ओळखतात ते.