रांगतं बाळ आणि परसातली फाल्गुन-चैत्राची कामं: आधी काय उरकावं?

मुरमाड_पाचगाव:
बाळ आठ महिन्यांचं आहे, रांगतंय, हाताला लागेल ते तोंडात. घरामागं दीड गुंठा परस, खाली मुरूम. एक आंबा (आत्ता मोहोर आणि वाटाण्याएवढी कैरी), शेवगा, कढीपत्ता, जास्वंदीची रांग, मोगऱ्याची सहा झाडं. पावसाळ्यात माजलेलं तण तसंच वाळून उभं आहे. कंपाउंडला टेकून जुनी कौलं आणि विटांचा ढीग. हाताशी वेळ म्हणजे सकाळी बाळ झोपतं ती ४० मिनिटं आणि संध्याकाळी तासभर, तेव्हा घरात दुसरं माणूस असतं. कुठून सुरू करावं? घरातली मोठी माणसं म्हणतात, पाला शिमग्याला पेटवून मोकळे व्हा. आणि फवारणीला काय चालेल?

कुदळ_खोरं:
झाडं राहू द्यात, आधी जमीन. बाळाचं जग जमिनीपासून दोन फुटांपर्यंत, तेवढं आधी निर्धोक करायचं.

पहिलं काम कौलं आणि विटांचं. विंचवाला दिवसा लपायला अशीच फट लागते, आणि उंदीर राहायला आले की मागोमाग घोणस, नाग येतात. हे काम दिवसाउजेडी, बाळ घरात दार लावून झोपलेलं असताना. चामड्याचे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट. वीट हातानं उचलायची नाही. खोऱ्याच्या टोकानं आपल्या बाजूला कलती करायची, म्हणजे वीट तुमच्या आणि आतल्या प्राण्याच्या मधे राहते. लोक नेमकं उलटं करतात, पलीकडं ढकलतात आणि विंचू थेट पायाकडं येतो. ४० मिनिटांत निम्मा ढीग होईल. उरलेला मागच्या दाराजवळ आणून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी जागेवरूनच हलवा. विटा ठेवायच्याच असतील तर भिंतीपासून फूटभर सोडून, खाली दोन दगड देऊन फळीवर रचा.

नंतर घराच्या भिंतीपासून सहा-सात फुटांचा पट्टा कोरा करा, तण मुळासकट काढून. गाजरगवत असेल तर फुलायच्या आत, हातमोजे घालून, नाहीतर अंगावर खाज उठते. कुंपणावर खाजकुयलीच्या वाळक्या शेंगा दिसल्या तर झाडू लावू नका, कुसळं वाऱ्यावर पसरतात. शेंगांवर पाणी मारून ओल्या असतानाच कापा आणि पिशवीत बांधा. त्या दिवशी बाळाचे कपडे बाहेर वाळत नकोत.

पेट्रोलचा ग्रास कटर भाड्यानं आणणार असाल तर मुरमावर तो खडे गोळीसारखे उडवतो. आजूबाजूला १५ मीटरच्या आत माणूस नको, आणि एवढ्या परसात तसं अंतर मिळत नाही. म्हणजे बाळ समोरच्या खोलीत, खिडक्या बंद. नाहीतर विळाच बरा.

पाला पेटवू नका. त्याचा धूर खाली बसतो आणि बाळाच्या छातीला सोसत नाही. घनकचरा नियमांतही उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे.

पाचट_आणि_पाणी:
कुदळदादांचं पट्ट्याबाबत बरोबर, पण सगळं परस कोरं केलंत तर मुरूम एप्रिलमध्ये तापेल आणि मोगरा सुकेल. पट्ट्याच्या पलीकडं आच्छादन हवंच. आपल्याकडं उसाचं पाचट सहज मिळतं: तीन-चार इंचांचा थर, खोडाभोवती सहा इंच मोकळं. खोडाला चिकटवलं की वाळवी चढते, हे मुरमात हमखास. बाळ जिथं खेळणार तिथं मात्र पाचट नको, पात्याची धार कापते.

वाळका पाला जाळण्याऐवजी कुजवा. तीन घमेली वाळकं, एक घमेलं हिरवं (भाजीची देठं, तण), थरांवर थर, आणि मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा पण थेंब पडू नये इतकंच पाणी. आठवड्यातून एकदा वरखाली. उन्हाळ्यात खत होत नाही म्हणतात ते बहुतेक वेळा ढीग कोरडा पडल्यामुळं. झाकण असलेली टाकी घ्या, घरापासून लांब.

छाटणी. आंब्याला आत्ता हात लावू नका, मोहोर-कैरी असताना छाटत नाहीत. आणि त्याचा चीक कातडी भाजतो, पडलेल्या कैऱ्या रोज उचला. शेवग्याला शेंगा असतील तर उतरल्यावर कापा. जास्वंद एक तृतीयांश छाटा, बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या (अंकुराच्या) वर तिरका काप. कढीपत्त्याचे शेंडे खुडा. मोगरा जानेवारी-फेब्रुवारीतच छाटायला हवा होता, आता फक्त वाळक्या काड्या काढा आणि झाडाला दोन किलो कुजलेलं शेणखत द्या. कुजलेलं म्हणजे वास नाही, हाताला गरम लागत नाही, आणि हलवलं की भुगा होतं. ओलं शेण टाकलंत तर हुमणीच्या अळ्या येतात, मुळं खातात. बाळ असलेल्या घरात तर ओलं शेण, शेणकाला नकोच.

मुरमाड_पाचगाव:
धन्यवाद दोघांना. छाटलेल्या जागी मोरचूद-चुन्याची पेस्ट लावायची का? आणि निंबोळी तेल तरी बाळासाठी सुरक्षित ना?

औषधं_उंचावर:
ताई, जाड फांदी कापली असेल तरच पेस्ट: मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी एक लिटर, प्लास्टिकच्या बादलीत (लोखंडी भांड्याला मोरचूद खातं). पण मोरचूदाचे निळे खडे बाळाला खडीसाखरेसारखे दिसतात आणि ते विषारी आहेत. तेवढंच करा, उरलेलं ठेवू नका. बाळाचं तोंड पोचेल तेवढ्या खोडाला लावूच नका.

निंबोळी तेल झाडाला चालतं: एका लिटरला ५ मिली, द्रव साबण १ मिली, संध्याकाळी, फूल उमललेलं नसताना. पण ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे. तान्ह्यांना हे तेल पाजल्यावर फिट येणं, बेशुद्ध पडणं असे प्रकार नोंदले गेलेत. कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ओतू नका. घरात जुनं फोरेट (विषारी कीटकनाशक) पडलं असेल तर उघडू नका, पाण्यात-मातीत टाकू नका, बंद करून उंचावर ठेवा आणि विल्हेवाटीचं कृषी कार्यालयात विचारा.

परसात कण्हेर, पिवळी बिट्टी, धोतरा, एरंड, गुंजेचा वेल, रुई यांपैकी काय आहे तेही बघा. बिट्टीचं फळ आणि गुंजेचं लालकाळं बी सगळ्यात धोक्याचं, ते झाडच काढा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, म्हणून कापताना चष्मा घाला.

पाणी: बादली, कुंडीखालची ताटली, हौद. चार बोटं पाण्यातही बाळ बुडतं. ताटल्या आठवड्यातून एकदा ओतून घासा. नुसतं ओतून भागत नाही, डासाची अंडी काठाला चिकटून सुकी राहतात.

कुदळ_खोरं:
एक राहिलं. विंचू चावला तर आठ महिन्यांच्या बाळाला घरी बघत बसायचं नाही. लाल विंचवाचं विष लहान मुलांच्या हृदयावर जातं, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेलं प्राझोसिन हे औषध लवकर मिळालं तर उपयोग होतो. सापाचंही तसंच: आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, हातपाय हलू द्यायचे नाहीत, १०८ लावा नाहीतर गाडी काढून थेट सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) गाठा.

पाचट_आणि_पाणी:
आणि काम आटपल्यावर कोपरापर्यंत साबणानं हात धुवा, अंगावरचा कपडा बदला, मगच बाळाला पाजायला घ्या. सतरंजी टाकताना फरशीला पाच सेकंद तळहाताची मागची बाजू लावून बघा, शहाबादी सकाळी दहालाच तापते.

मुरमाड_पाचगाव:
कंपाउंडला बिट्टी आहे, शेजाऱ्यांच्या बाजूनं वाकून आमच्यात फळं पडतात. आज त्यांच्याशी बोलते. विटा उद्या सकाळी.