मदत हवी आहे: गॅस्ट्रिक बायपासनंतर लोह-कॅल्शियमच्या वेळा कशा बसवता?

गॅस्ट्रिक बायपास (वजन घटवण्यासाठी जठर लहान करायची शस्त्रक्रिया) झालेल्या शाकाहारी पेशंटचा तक्ता बसत नाहीये. लहान आतड्याचा पहिला भाग वगळल्यानं लोह नीट शोषलं जात नाही. जठरात आम्लही कमी, म्हणून कॅल्शियम कार्बोनेट नको, सायट्रेटच: 500 मिलिग्रॅम, सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा. लोह त्यापासून किमान दोन तास दूर, म्हणून रात्री नऊला, सोबत संत्र्याच्या चार फोडी. रस नकोच, डम्पिंग होतं (साखर झपाट्यानं आतड्यात उतरून घेरी, जुलाब). पण आपल्या नागपुरात जेवणानंतरही चहा! लोहाला तोच आडवा येतो. प्रोटीन रोज 60 ग्रॅम हवं, अन् झुणक्याच्या चार घासांत पोट गच्च. पनीर, दही, सोयाबीनपलीकडे काय देता? आणि गोळ्या नियमित घेऊनही फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन) घसरत असेल, तर शिरेतून लोह कधी सुरू करता?